जुना टीव्ही नेमका कधी संपतो?

घरातली वस्तू कधी बदलायची, हे पूर्वी ती वस्तूच सांगत असे. कळशीला भोक पडे, सायकलची फ्रेम मोडे, पंख्याचे वाइंडिंग जळे. मग माणूस आधी डाग लावून, जोड देऊन पाही आणि तेही जमेना तेव्हा नव्याचा विचार करी. टीव्हीच्या बाबतीत हा क्रम आता उलटला आहे. चित्र स्वच्छ दिसत असते, आवाज खणखणीत येत असतो, तरी 'आता हा जुना झाला' असे घरातल्या सगळ्यांना वाटू लागलेले असते. असे कशामुळे वाटते, ते वाटण्यात कोणाचा फायदा आहे आणि टीव्ही बदलण्याची खरी वेळ कोणती, याचा विचार रोजच्या कमाईवर चालणाऱ्या घरांच्या बाजूने व्हायला हवा. सुरतेतल्या गोडादरा या वस्तीत तो करणे मला महत्त्वाचे वाटते, कारण इथल्या घरांत टीव्ही ही चैन नसते आणि त्याचे पैसेही सहज उभे राहत नाहीत.

गोडादरा हा सुरतेच्या पूर्व-दक्षिण अंगाचा भाग. लिंबायत, डिंडोली, पर्वत पाटिया या वस्त्या त्याच्या आजूबाजूला. या पट्ट्यात धुळे, जळगाव, नंदुरबार जिल्ह्यांतून आलेली खानदेशी कुटुंबे पिढी-दोन पिढ्यांपासून राहतात. उधन्याहून नंदुरबार, अमळनेरमार्गे जळगावकडे जाणाऱ्या रेल्वेने ही माणसे आली, ती लूमच्या कारखान्यांत, डाइंग-प्रिंटिंगच्या मिलमध्ये, रिंग रोडच्या कापड मार्केटमध्ये कामाला लागली. बायका घरी बसून साड्यांना लेस आणि खडे लावतात. घरात अहिराणी, दुकानात गुजराती, कारखान्यात हिंदी, अशा तीन भाषांत दिवस जातो. सुरत महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा आहेत. पण घरात प्रमाण मराठी रोज कानावर पडते ती मुख्यतः टीव्हीतून: मालिकांमधून, बातम्यांमधून, कीर्तनाच्या कार्यक्रमांमधून. गावाकडे पाऊस झाला का, कापसाला भाव काय निघाला, हेही तिथूनच कळते. म्हणून इथला टीव्ही बंद पडतो तेव्हा करमणूक तर थांबतेच, शिवाय गावाशी आणि भाषेशी असलेला रोजचा संबंध तुटतो. अशा वस्तूच्या निर्णयाला 'हौस' म्हणून बाजूला सारता येत नाही.

टीव्हीचे तंत्र यापूर्वीही बदलले आहे, मोठ्या प्रमाणावर बदलले आहे. पण त्या बदलांची रीत वेगळी होती. १५ ऑगस्ट १९८२ रोजी दूरदर्शनचे रंगीत राष्ट्रीय प्रसारण सुरू झाले, तेव्हा देशातल्या घरांमध्ये कृष्णधवल संच होते. ते एका रात्रीत निकामी झाले नाहीत. आपण स्वीकारलेल्या 'पाल' पद्धतीत रंगांची माहिती मूळ चित्राच्या संकेतावर अशा रीतीने बसवलेली होती की जुन्या संचाने रंग सोडून द्यावेत आणि चित्र मात्र नीट दाखवावे. ज्याची ऐपत होती त्याने रंगीत संच घेतला. ज्याची नव्हती त्याने पुढे 'रामायण' आणि 'महाभारत' कृष्णधवल पडद्यावर पाहिले. कार्यक्रम दोघांनाही सारखाच मिळाला.

दुसरा मोठा बदल केबलच्या डिजिटायझेशनचा. त्याच्या दुसऱ्या टप्प्यात देशातली ३८ शहरे होती आणि सुरत त्यांपैकी एक. ३१ मार्च २०१३ ही त्या टप्प्याची मुदत होती. त्या वेळी अनेक घरांत पाठीमागे मोठे पोट असलेले, लोक ज्यांना 'डबा टीव्ही' म्हणतात तसे संच होते. डिजिटल संकेत त्यांना कळत नव्हता. पण कायद्याने टीव्ही बदलायला लावले नाही, सेट-टॉप बॉक्स बसवायला लावले. पिवळी, लाल, पांढरी अशा तीन पिना जुन्या संचाच्या पाठीत खोचल्या की काम भागत होते. बॉक्सचे पैसे द्यावे लागले, त्यावर कुरबुर झाली, पण घरातला संच वाचला.

या दोन्ही वेळी जुन्या संचाला बरोबर घेऊन पुढे जाण्याची काळजी व्यवस्थेने घेतली होती. प्रसारणाचे नियम ठरवणाऱ्यांना हे ठाऊक होते की लोकांनी पोटाला चिमटा काढून ही वस्तू घेतली आहे. आजच्या बदलाचे तसे नाही. आजचा बदल प्रसारणातून येत नाही, सॉफ्टवेअरमधून येतो. आणि सॉफ्टवेअर किती काळ चालू ठेवायचे याचा निर्णय विकणारी कंपनी घेते. आपल्याकडे त्याला बांधणारा नियम नाही.

स्मार्ट टीव्ही दिसायला एक वस्तू असली तरी प्रत्यक्षात त्या दोन आहेत. एक पडदा आणि दुसरा त्या पडद्यामागचा छोटा संगणक. दोघांचे आयुष्य सारखे नसते. नीट वापरलेला पडदा दहा-दहा वर्षे चालतो. संगणक मात्र चार-पाच वर्षांत धापा टाकू लागतो. मेमरी कमी असते, यूट्यूब उघडायला वेळ लागतो, एखादे ॲप 'हे उपकरण आता चालणार नाही' असे सांगून बंद होते. घरातली मुले म्हणतात, टीव्ही स्लो झाला. आईबाप समजतात, टीव्ही संपला. संपलेला असतो तो संगणक, आणि त्याला पर्याय दोन-चार हजारांत मिळतो. एचडीएमआयच्या खाचेत बसणारी स्ट्रीमिंग स्टिक किंवा छोटा बॉक्स लावला की त्याच पडद्याला नवा संगणक मिळतो. २०१३ साली सेट-टॉप बॉक्सने डबा टीव्हीचे जे काम केले, तेच काम ही स्टिक आज करते. फरक एवढाच की तेव्हा सगळ्या शहराला ते सांगितले गेले, आज दुकानदार ते आपणहून सांगत नाही. दहा-बारा हजारांचा टीव्ही विकायला उभा असलेला माणूस तीन हजारांची स्टिक का सुचवील?

म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा: टीव्हीचे नेमके काय गेले आहे? त्याचे उत्तर शोरूममध्ये मिळत नाही, दुरुस्तीच्या दुकानात मिळते. गोडादरा-लिंबायतच्या गल्ल्यांमध्ये अशी दुकाने आहेत. एका टेबलाची जागा, भिंतीवर काढलेल्या बोर्डांचे ढीग, कोपऱ्यात उभे केलेले उघडे पडदे. तिथे रोज येणारी तक्रार म्हणजे 'आवाज येतो, चित्र येत नाही'. गिऱ्हाइकाला वाटते पडदा गेला. मिस्त्री टीव्ही चालू करतो, दुकानातला दिवा घालवतो आणि मोबाइलची टॉर्च पडद्याला तिरकी लावून जवळून पाहतो. काळ्या पडद्यात आत, अगदी पुसट, माणसे हलताना दिसतात. म्हणजे पडदा जिवंत आहे, चित्र तयार होते आहे, त्याच्या मागचा उजेड तेवढा गेला आहे. याला ते 'बॅकलाइट गेली' म्हणतात.

त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. एलईडी टीव्हीचा पडदा स्वतः उजेड देत नाही. त्याच्या मागे पातळ पट्ट्यांवर बारीक एलईडी दिवे ओळीने बसवलेले असतात आणि ते एकामागोमाग एक असे एकाच मालिकेत जोडलेले असतात. त्यांतला एक दिवा जळाला की प्रवाह खंडित होतो, संपूर्ण ओळ विझते आणि सर्किट पुरवठा बंद करते. काही रुपयांच्या एका दिव्यामुळे सगळा टीव्ही अंधारात जातो. मिस्त्री पडद्याची काच व्हॅक्यूम कपने उचलतो. ती इतकी पातळ असते की एका कोपऱ्यावर दाब पडला तर तडकते, म्हणून हे काम दोघे मिळून करतात. खाली पांढऱ्या कागदासारख्या दिसणाऱ्या शीट असतात. त्या ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने परत बसल्या नाहीत तर चित्रात डाग दिसतात. त्यांच्याखाली पट्ट्या. चांगला मिस्त्री एकच दिवा बदलत नाही, सगळ्या पट्ट्या बदलतो, कारण बाकीचे दिवेही त्याच वयाचे असतात आणि दोन महिन्यांत दुसरा जाणार हे त्याला माहीत असते. जाता जाता तो सांगतो, ब्राइटनेस शंभरावर ठेवू नका, साठ-सत्तरवर ठेवा. दिव्यांना कमी प्रवाह म्हणजे कमी उष्णता आणि कमी उष्णता म्हणजे जास्त आयुष्य. दुकानात चमकून दिसावा म्हणून टीव्ही भडक सेटिंगवर ठेवलेला असतो आणि घरी आल्यावरही बहुतेक जण तो तसाच ठेवतात. आयुष्य वाढवणारी ही एक फुकटची गोष्ट आहे.

टीव्हीचे बिघाड पाहिले तर ते ढोबळमानाने चार जागी होतात. पॉवर सप्लायच्या बोर्डावरचा कपॅसिटर फुगला की टीव्ही चालूच होत नाही, नुसती लाल बत्ती लुकलुकते. हे काम स्वस्तात होते. बॅकलाइट गेली की वर सांगितलेला प्रकार होतो. तो मध्यम खर्चाचा, पण करण्याजोगा. सॉफ्टवेअर थकले तर स्टिक लावता येते. चौथी जागा म्हणजे प्रत्यक्ष पडदा, ज्याला दुकानात 'पॅनल' म्हणतात. त्याला मार लागून तडा गेला, उभ्या-आडव्या रेघा कायमच्या आल्या, किंवा त्याच्या कडेला चिकटवलेल्या चकचकीत पट्ट्यांचे सांधे सुटले, तर दुरुस्ती बहुधा परवडत नाही, कारण टीव्हीच्या किमतीतला सगळ्यात मोठा वाटा पॅनलचाच असतो. म्हणजे चारांपैकी तीन बिघाडांत टीव्ही वाचतो, एकात संपतो. ज्या घराला हे ठाऊक नसते ते चारही वेळा नवा टीव्ही आणते.

दुरुस्ती करावी की नवा घ्यावा, याचा हिशेब करायला एक सोपी रीत आहे. खर्चाला पुढे मिळणाऱ्या वर्षांनी भागावे. समजा पट्ट्या बदलायला १,८०० रुपये लागले आणि टीव्ही आणखी दोन वर्षे चालला, तर वर्षाला ९०० रुपये पडले. नवा बत्तीस इंची १२,००० रुपयांना आणला आणि तो आठ वर्षे टिकला असे उदारपणे धरले, तरी वर्षाला १,५०० रुपये पडतात. दुरुस्ती स्वस्त ठरली. पण त्याच टीव्हीला ७,००० रुपयांचे पॅनल टाकायचे असेल आणि त्यातून तीन वर्षे मिळणार असतील, तर वर्षाला २,३०० रुपयांच्या वर जातात. तिथे दुरुस्तीचा आग्रह धरणे चुकीचे. जुने जपण्यालाही मर्यादा असते. जी वस्तू दर चार महिन्यांनी पैसे मागते ती घरात ठेवण्यात कसली आली काटकसर?

नव्या टीव्हीच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी होतो, विजेच्या बचतीचा. तोही आकड्यांत मांडून पाहावा. बत्तीस इंची एलईडी साधारण ५० वॅट घेतो. रोज पाच तास चालला तर वर्षाला ९० युनिटच्या आसपास वीज लागते. युनिटला सात रुपये धरले तर वर्षाचे ६४० रुपये. एकवीस इंची डबा टीव्ही ८० वॅट घेतो असे धरले तर वर्षाला १४६ युनिट, म्हणजे १,०२० रुपये. फरक ३८० रुपयांचा. नव्याची किंमत विजेच्या बचतीतून वसूल व्हायला तीस वर्षे लागतील. शिवाय नवा घेताना माणूस आकार वाढवतो. त्रेचाळीस इंची टीव्ही त्याच ८० वॅटच्या आसपास जातो आणि पंचावन्न इंची त्याच्याही पुढे. म्हणजे वीज वाचवायला म्हणून घेतलेला मोठा टीव्ही जुन्याइतकीच किंवा जास्त वीज खातो. विजेसाठी फ्रिज बदलणे, पंखा बदलणे यात अर्थ असू शकतो. टीव्ही बदलण्यात फारसा नाही.

दुसरा युक्तिवाद चित्राच्या सुस्पष्टतेचा. 'फोर-के' म्हणजे आडवे ३,८४० आणि उभे २,१६० बिंदू. आकडा मोठा आहे, पण प्रश्न डोळ्याला किती दिसते हा आहे. निरोगी डोळा साधारणपणे अंशाच्या साठाव्या भागाएवढे अंतर वेगळे ओळखू शकतो. या हिशेबाने साध्या एचडी-रेडी बत्तीस इंची पडद्यावरचे बिंदू सहा फुटांच्या पलीकडून वेगवेगळे दिसत नाहीत. फुल-एचडी त्रेचाळीस इंची पडद्याचेही साधारण तेच. त्या आकाराला फोर-केचा खरा लाभ हवा असेल तर तीन फुटांच्या आत नाक नेऊन बसावे लागेल. गोडादऱ्यातल्या दहा बाय बाराच्या खोलीत टीव्ही एका भिंतीवर असतो आणि माणसे समोरच्या भिंतीला टेकून बसतात. मधले अंतर आठ-नऊ फूट. तिथून दोन्ही चित्रे सारखीच. त्यातून केबलवरची कितीतरी मराठी चॅनेल साध्या दर्जातच येतात. जे येतच नाही ते महागडा पडदा कुठून दाखवणार?

इतके सगळे असूनही टीव्ही बदलण्याची रास्त कारणे असतात आणि ती मान्य करायला संकोच वाटू नये. पॅनल गेले हे पहिले कारण. डबा टीव्हीची चित्रनळी थकली हे दुसरे. त्या नळीची काच बनवणारा व्हिडिओकॉनचा कारखाना एके काळी सुरतेपासून जवळच, भरूचलगतच्या चावज इथे होता, आणि व्हिडिओकॉन म्हणजे आपल्या औरंगाबादेत वाढलेली कंपनी. पातळ पडदे आले, नळीची मागणी आटली आणि पुढे व्हिडिओकॉनही २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. सुटा भाग जगात कुठेच बनत नाही तेव्हा मिस्त्रीचे कौशल्यही थांबते. अशा संचाला निरोप देणे हाच शहाणपणा.

तिसरे कारण घराची बदललेली गरज. सासूबाईंना खालच्या पट्टीवरच्या बातम्या वाचता येईनाशा झाल्या असतील, तर मोठा पडदा ही त्यांची गरज आहे. लूमवर बारा-बारा तासांच्या पाळ्या चालतात. रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसा त्याच खोलीत झोपतो, जिथे मुले टीव्ही पाहतात. तिथे ब्लूटूथ असलेला टीव्ही आणि दोन इयरफोन यांनी घरातले रोजचे भांडण मिटू शकते. फोर-केपेक्षा या सोयीचे मोल त्या घराला कितीतरी जास्त आहे. पावसाळ्यात इथल्या मिठी खाडीचे पाणी ज्यांच्या तळमजल्यात शिरते त्यांनाही वेगळा विचार करावा लागतो. पाण्यात बुडून निघालेला टीव्ही वाळवून चालू झाला तरी त्यातले सांधे गंजत राहतात. आधी तो पूर्ण कोरडा करून मिस्त्रीकडून तपासून घ्यावा, घाईने वीज देऊ नये. जीव टीव्हीपेक्षा मोठा.

चौथे कारण निव्वळ हौस. तिचाही मान राखावा. बारा तास उभे राहून सूत तुटले की जोडणाऱ्या माणसाने घरी मोठ्या पडद्यावर क्रिकेटची मॅच पाहावीशी वाटणे यात गैर काहीच नाही. माझे म्हणणे इतकेच की हौसेला गरजेचे नाव देऊ नये. हौस म्हटली की माणूस आपोआप विचारतो, पैसे साठले आहेत का? गरज म्हटली की तो कर्ज काढतो.

कर्जाचा मुद्दा सुरतेत फार महत्त्वाचा आहे, कारण इथल्या कमाईची लय वेगळी आहे. लूमवर काम करणाऱ्यांपैकी बहुतेकांची मजुरी मीटरवर ठरते. मशीन चालली तर पैसे. टीव्ही विकत घेण्याचा सगळा गाजावाजा नवरात्रापासून धनत्रयोदशीपर्यंत होतो. लगेच त्यानंतर कापड मार्केट लाभपंचमीपर्यंत बंद राहते, कारखाने त्याहूनही जास्त दिवस थंड असतात, माणसे गावाला जातात. कमाई शून्य आणि जाण्या-येण्याचा खर्च वर. नेमक्या याच काळात नव्या टीव्हीचा पहिला हप्ता खात्यातून जातो. तो चुकला की दंड लागतो आणि पुढच्या कर्जाची पत बिघडते. बोनस रोख हातात आला असेल आणि त्यातूनच टीव्ही घेतला तर गोष्ट वेगळी. पण हप्त्यावरच घ्यायचा असेल तर माझ्या मते दिवाळी ही सगळ्यात वाईट वेळ आहे. मशीन पुन्हा सुरळीत सुरू झाल्या, दोन-तीन पगार हातात आले की मग घ्यावा.

'बिनव्याजी हप्ता' या शब्दालाही भुलू नये. रिझर्व्ह बँकेने १७ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात बँकांना शून्य टक्के व्याजाच्या अशा योजनांबद्दल बजावले होते, कारण व्याज प्रत्यक्षात प्रोसेसिंग फीच्या रूपाने ग्राहकाकडूनच वसूल होते. म्हणून दुकानात विचारावे, रोख दिले तर किती? रोखीचा भाव आणि हप्त्यांची बेरीज यांतला फरक म्हणजे व्याज. २२ सप्टेंबर २०२५ पासून बत्तीस इंचांहून मोठ्या टीव्हींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. ग्राहकाच्या दृष्टीने ती चांगलीच गोष्ट झाली. पण वस्तू स्वस्त झाली म्हणून तिची गरज उगवत नाही.

गरज उगवल्यासारखी वाटते ती शेजारामुळे. ओनिडाने ऐंशीच्या दशकात शिंगे असलेला सैतान जाहिरातीत आणला आणि शेजाऱ्याच्या मत्सरालाच विक्रीचा आधार केला. ती जाहिरात गाजली, कारण तिने माणसाच्या मनातले अचूक ओळखले होते. चाळीसारख्या वस्तीत, जिथे दार दिवसभर उघडे असते आणि भिंतीवरचा पडदा गल्लीतून दिसतो, तिथे हा दबाव जास्तच जाणवतो. सोयरिकीसाठी पाहुणे येणार म्हणून टीव्ही बदललेली घरे आहेत. मी त्यांना दोष देत नाही. परक्या शहरात उभे राहिलेल्या कुटुंबाला आपले बरे चालले आहे हे चार माणसांना दाखवावेसे वाटते. तरी अशा घरातली एखादी म्हातारी जेव्हा अहिराणीत विचारते, 'अजून चालस ना, मंग कसाले बदलानं?' तेव्हा तिच्या प्रश्नाला उत्तर द्यायला हवे. माझ्या दृष्टीने या विषयातला तो सगळ्यात नेमका प्रश्न आहे.

नवा आला की जुन्याचे काय, हाही निर्णयाचाच भाग आहे. चालू असलेला संच बहुधा गावी जातो. तिथे डीडी फ्री डिशवर, महिन्याचे पैसे न भरता, सह्याद्री वाहिनीसह बरेच काही दिसते आणि संचाला आणखी काही वर्षांचे काम मिळते. हा उत्तम मार्ग. बंद पडलेला डबा टीव्ही मात्र भंगारवाल्याकडे जातो आणि तिथे नळी फोडून तिच्या मानेभोवतीची तांब्याची गुंडाळी काढली जाते. त्या नळीच्या मागच्या काचेत शिशाचे प्रमाण मोठे असते. जुन्या एलसीडी पडद्यांच्या दिव्यांत पारा असतो. फुटलेली काच उकिरड्यावर पडते, त्यावर मुले खेळतात, पावसात हे विष खाडीत उतरते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. नोंदणी झालेल्या केंद्रांमार्फत ते काम व्हायला हवे. पण गल्लीत आवाज देत येतो तो भंगारवाला, उत्पादक येत नाही. टीव्ही दोन वर्षे जास्त वापरला तर हा कचरा दोन वर्षे उशिरा तयार होतो. वैयक्तिक काटकसर आणि सार्वजनिक आरोग्य इथे एकाच बाजूला उभे आहेत.

एवढे सगळे एका कुटुंबाच्या शहाणपणावर सोडून देणे मात्र न्याय्य नाही. युरोपीय संघात मार्च २०२१ पासून टीव्हीचे ठरावीक सुटे भाग, त्या मॉडेलचा शेवटचा संच बाजारात आल्यानंतर किमान सात वर्षे आणि सॉफ्टवेअरची दुरुस्ती किमान आठ वर्षे उपलब्ध ठेवण्याचे बंधन उत्पादकांवर आहे. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून टीव्हीवर दुरुस्तीक्षमतेचे दहापैकी गुण छापावे लागले आणि जानेवारी २०२५ पासून त्याची जागा टिकाऊपणाच्या गुणांनी घेतली. आपल्याकडे ग्राहक व्यवहार खात्याने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले. त्यात घरगुती टिकाऊ वस्तूंचा वर्ग आहे. त्याच वर्षी २० ऑक्टोबरला, गुजरातमध्येच, केवडियाला पर्यावरणस्नेही जीवनशैलीच्या मोहिमेचा आरंभ झाला होता आणि वस्तू फेकण्याऐवजी वापरत राहणे हे तिचे एक सूत्र होते. दिशा बरोबर आहे. पण पोर्टलवर माहिती देणे वेगळे आणि सुटा भाग अमुक वर्षे देण्याचे बंधन असणे वेगळे. गल्लीतल्या मिस्त्रीला मूळ पट्टी मिळत नाही, तो मिळतीजुळती लावतो. बोर्डाचा नकाशा त्याला कंपनी देत नाही, तो अनुभवावरून शोधतो. या कारागिरांच्या हातात आपल्या जुन्या टीव्हींचे आयुष्य आहे, आणि त्यांना कायद्याचे पाठबळ नाही.

फ्रिजवर, एसीवर विजेचे तारे छापायचा नियम झाला आणि अल्पशिक्षित गिऱ्हाईकही आता तारे मोजून वस्तू घेतो. त्याच रीतीने टीव्हीच्या खोक्यावर दोन आकडे सक्तीने छापले जावेत: सुटे भाग किती वर्षे मिळतील आणि सॉफ्टवेअर किती वर्षे चालू राहील. त्या दोन आकड्यांनी वर मांडलेला भागाकार कोणालाही दुकानातच उभ्या उभ्या करता येईल. मग टीव्ही कधी बदलायचा याचा निर्णय पुन्हा घराच्या हातात येईल, जिथे तो १९८२ मध्ये होता आणि २०१३ मध्येही होता.

तोवर निदान एवढे करता येईल. किती इंची आणि हप्ता किती, हे विचारण्याआधी हे दोन प्रश्न दुकानदाराला विचारावेत आणि उत्तर बिलाच्या मागे लिहून मागावे. तो लिहून देणार नाही, बहुतेक वेळा त्याला उत्तर माहीतही नसेल. पण गोडादरा, लिंबायत, डिंडोलीतली गिऱ्हाइके एका दिवाळीत सगळीच हे विचारू लागली, तर पुढच्या दिवाळीपर्यंत कोणीतरी कंपनीला ते विचारील.